भातलावणीच्या पद्धती, उत्पन्न आणि पाणी : मावळातील एक विचार

भाताचे पीक पाण्यात उभे असते. म्हणून ते पाण्याचे भुकेले असले पाहिजे, असा समज सर्वत्र रूढ आहे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हा समज अर्धाच खरा आहे. भाताच्या मुळांत व खोडांत हवा खेळविणाऱ्या पोकळ ऊती असतात. इतर तृणधान्ये ज्या चिखलात गुदमरून मरतात त्यात भात तग धरतो, तो या ऊतींच्या बळावर. परंतु तग धरणे निराळे आणि गरज असणे निराळे. भाताच्या पानांतून होणारे बाष्पोत्सर्जन व खाचरातील पाण्याचे बाष्पीभवन मिळून दिवसाकाठी साधारण चार ते सात मिलिमीटर पाणी हवेत जाते. आणि हा आकडा त्याच हवामानात वाढणाऱ्या दुसऱ्या कोणत्याही घनदाट पिकाहून फार वेगळा नाही. बाकीचे पाणी जाते ते जमिनीत खाली मुरून, बांधाच्या पोटातून पाझरून आणि सर्वांच्या आधी चिखलणीच्या कामी. भारी चिकण जमिनीत मुरणारे पाणी दिवसाला एक ते पाच मिलिमीटर असते, तर हलक्या पोयट्याच्या जमिनीत ते पंचवीस-तीस मिलिमीटरांवर जाऊ शकते. जगभरच्या भातशेतीचा सरासरी हिशेब असा मांडला जातो, की एक किलो भात पिकविण्यासाठी पाऊस व पाटपाणी धरून सुमारे २,५०० लिटर पाणी खाचरात यावे लागते. हेक्टरी चार टन उत्पन्न धरले, तर हे पाणी दहा हजार घनमीटर, म्हणजे शेतावर एक मीटर उंचीचे होते. यातील पीक स्वतः किती वापरते आणि पद्धत किती वापरते, हा प्रश्न येथून सुरू होतो.

उभे पाणी मात्र निरुपयोगी नव्हे. पाण्याखाली गेलेल्या जमिनीतील प्राणवायू थोड्याच दिवसांत संपतो. आम्ल जमिनीची आम्लता कमी होते, स्फुरद व लोह पिकाला अधिक सुलभ होतात, आणि अमोनियम रूपातील नत्र तेथे टिकून राहते. पाण्यातील नीलहरित शैवले हवेतील नत्र बांधतात, हे पी. के. डे यांनी १९३९ साली बंगालमधील भातखाचरांच्या अभ्यासावरून दाखवून दिले होते. आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे उभ्या पाण्यात बहुतेक तणांचे बी रुजत नाही. किंबहुना, चिखलणी करून रोप लावण्याची सारी प्रथा तणावर मात करण्याच्या गरजेतून वाढली, असे म्हणणे फारसे चुकीचे होणार नाही. तीन आठवड्यांचे रोप चिखलात उभे राहते तेव्हा तणाचे बी अजून रुजायचे असते. ही आघाडी मिळविण्यासाठी शेतकरी जी किंमत मोजतो ती पाण्यात, श्रमात आणि वेळेत मोजतो. तीपैकी वेळेची किंमत सर्वांत कमी लक्षात घेतली जाते. वस्तुतः मावळासारख्या प्रदेशात तीच सर्वांत मोठी आहे.

मावळातील पाऊस आणि खाचर

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणारी वाट पासष्ट किलोमीटरांच्या आतबाहेर आहे. एवढ्या अंतरात वार्षिक पर्जन्यमान ७०० मिलिमीटरांपासून ४,००० मिलिमीटरांच्या वर चढते. मधले वडगाव सुमारे ११०० ते १२०० मिलिमीटरांवर आहे. भातसंशोधन केंद्र याच वडगावला आहे, ही गोष्ट सोयीची आहे. कारण वडगाव ही भाताची जवळजवळ पूर्वसीमा आहे. आंबेमोहर १५७ व आय.आर. ८ यांच्या संकरातून निघालेले आणि १९८७ साली प्रसारित झालेले इंद्रायणी हे वाण येथलेच. या सीमेवर पाऊस भाताला पुरतो, पण तो वेळेवर पुरतोच असे नाही. घाटमाथ्यावर आठवड्याची उघडीप झाली तरी खाचरे भरलेली असतात. वडगावच्या पूर्वेस त्याच उघडिपीने भेगा पडतात.

येथील खरिपाचे भात प्रायः पाटपाण्यावरचे नाही. म्हणून "पाण्याची बचत" या शब्दांचा येथे होणारा अर्थ पंजाबातील नलिकाकूपांच्या शेतीत होणाऱ्या अर्थाहून वेगळा आहे, आणि या दोहोंची गल्लत अनेक लेखांत झालेली आढळते. पंजाबातील शेतकऱ्याने पाणी वाचविले तर पंप बंद राहतो. मावळातील शेतकऱ्याने आषाढात पाणी वाचविले तर ते ओढ्याने इंद्रायणीला मिळते, इतकेच. त्याच्या हिशेबात वाचवायचे असते ते विशिष्ट दिवशीचे पाणी. चिखलणीसाठी जमीन तुडुंब भिजवून वर पाणी साचावे लागते. त्यासाठी दीडशे ते दोनशे मिलिमीटर, म्हणजे हेक्टरी दीड ते दोन हजार घनमीटर पाणी थोड्या दिवसांत यावे लागते. ते येईपर्यंत लावणी थांबते. रोपवाटिकेतले रोप मात्र थांबत नाही.

राब

ज्या रोपाची ही गोष्ट आहे ते रोप मावळात व कोकणात परंपरेने राबावर वाढविले जाते. उन्हाळ्यात खाचराच्या एका भागावर शेण, त्यावर ऐन-किंजळीसारख्या झाडांचे टहाळ, त्यावर पालापाचोळा व गवत, आणि सर्वांवर मातीचा पातळ थर पसरून तो ढीग वाऱ्याच्या उलट दिशेने हळूहळू जाळतात. पहिल्या पावसानंतर त्या भाजलेल्या जमिनीत दाट बी पेरले जाते. राबाखालचे क्षेत्र लावणीच्या क्षेत्राच्या सुमारे दहाव्या हिश्शाचे असते.

या प्रथेचा इतिहास केवळ शेतीचा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारने जंगले राखीव केली, तेव्हा टहाळ तोडण्याचा हक्क हा ठाणे-कुलाबा जिल्ह्यांतील भातकऱ्यांचा आणि वनखात्याचा मोठा तंटा होऊन बसला. मुंबई वन आयोगाने १८८५ ते १८८७ या काळात जी चौकशी केली तिच्यात राबाचा प्रश्न अग्रभागी होता. राब म्हणजे निव्वळ अडाणी नासधूस आहे की शेतीला आवश्यक अशी क्रिया आहे, हे ठरविण्यावर जंगलातील हक्क अवलंबून असल्यामुळे रसायनशास्त्राला येथे राजकीय महत्त्व आले. या प्रश्नाची प्रयोगशाळेत नीट उकल झाली ती पुण्यात. पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी एन. व्ही. जोशी व एन. व्ही. कानिटकर यांच्यासह लिहिलेला राबपद्धतीवरील प्रबंध १९१२ साली भारतीय कृषिखात्याच्या रसायनविषयक ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. (कोरडवाहू शेतीवरील १९४४ च्या प्रसिद्ध ग्रंथाचे कर्ते ते हेच कानिटकर.) राबाचा गुण केवळ राखेतील खतद्रव्यांचा नसून जमीन तापण्यालाही त्यात मोठा वाटा आहे, असा या विवेचनाचा रोख होता. माती तापली म्हणजे तिच्यातील विद्राव्य द्रव्ये वाढतात, सूक्ष्मजीवांचा तोल बदलतो, कण सुटे होतात आणि तणाचे बी मरते. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड येथे रसेल व हचिन्सन यांनी मातीच्या अंशतः निर्जंतुकीकरणावरचे आपले काम १९०९ मध्ये प्रसिद्ध केले होते; तीन वर्षांच्या आत पुण्यातील अभ्यासकांनी तीच दृष्टी मावळच्या शेतकऱ्याच्या राबाला लावून पाहिली, ही गोष्ट आजही कौतुकाची वाटते.

तथापि राब शास्त्रीयदृष्ट्या सार्थ ठरला म्हणून तो स्वस्त ठरत नाही. एक गुंठा राबासाठी लागणारे टहाळ, शेण आणि ते वाहून आणण्याचे श्रम पाहिले, आणि ते श्रम बहुधा स्त्रियांच्या डोक्यावरून येतात हे ध्यानात घेतले, म्हणजे त्याची खरी किंमत कळते. जे शेण राबात जळते ते खाचराला मिळत नाही. गादीवाफ्यावर, शेणखत व भाताच्या तुसाची राख मिसळून, विरळ पेरलेले रोप राबाच्या रोपाला हार जात नाही. राबाच्या दाट पेरणीत रोप उंच व किडकिडीत होते. विरळ पेरणीत ते बुटके व बुंध्याशी जाड होते. पुढच्या विवेचनात हा फरक महत्त्वाचा आहे.

रोपाचे वय

भाताच्या फुटव्यांना एक नियम आहे. जपानी शास्त्रज्ञ कातायामा यांनी तो मांडला. मुख्य खोडावर चौथे पान बाहेर येते त्या सुमारास पहिल्या पानाच्या बगलेतून पहिला फुटवा निघतो. पाचव्या पानाबरोबर दुसऱ्याच्या बगलेतून. आणि याप्रमाणे पुढे. प्रत्येक फुटव्याला स्वतःची पाने येऊ लागली की त्यालाही हाच नियम लागू होतो. म्हणजे खालच्या पेऱ्यावरचा एक फुटवा गमावला तर एकच कणीस गमावले असे होत नाही, त्याच्या पोटचेही गमावले जातात. दाट रोपवाटिकेत उजेड व जागा यांच्या अभावी हे खालचेच डोळे निजतात. त्यात उपटण्याचा व लावण्याचा धक्का येतो, आणि रोप सावरण्यास आठ-दहा दिवस जातात.

मृगावर, म्हणजे ७-८ जूनच्या सुमारास, बी टाकले आणि आर्द्रा चांगली लागली, तर जुलैच्या पहिल्या आठवड्यात, पुनर्वसू लागत असताना, रोप पंचवीस दिवसांचे असते व लावणी वेळेवर होते. पण मृग बरसून आर्द्रा कोरडी गेली, असे मावळाच्या पूर्व भागात वारंवार घडते. मग चिखलणी पुष्यात, जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, होते आणि रोप चाळीस-पंचेचाळीस दिवसांचे झालेले असते. आंबेमोहरासारख्या जुन्या गरव्या जाती प्रायः दिनमानानुसार फुलतात. त्यांना हा उशीर काही अंशी सोसतो. सुधारलेल्या बहुतेक जातींचे घड्याळ मात्र बी भिजल्यापासून चालू होते. एकशे पस्तीस दिवसांच्या जातीने पंचेचाळीस दिवस वाफ्यात काढले, तर खाचरात वाढायला नव्वदच उरतात, आणि त्यांतले आठ-दहा सावरण्यात जातात. सुधारलेले बी जुन्या वेळापत्रकाने लावले की फसते, हे कोडे यावरून उलगडते. दोष बहुधा बियाण्याला दिला जातो.

उत्पन्नावर याचा परिणाम किती, हे एका काल्पनिक पण वास्तवाला धरून असलेल्या गणिताने पाहता येईल. चौरस मीटरात २५ चूड, प्रत्येक चुडाला १० कणसे, कणसात १०० दाणे, त्यांतले शेकडा ८५ भरलेले, आणि हजार दाण्यांचे वजन २२ ग्रॅम असे धरले, तर चौरस मीटरास सुमारे ४६७ ग्रॅम, म्हणजे हेक्टरी ४.७ टनांच्या जवळपास भात होते. बाकी सर्व तसेच ठेवून कणसे दहाची सहा झाली, तर उत्पन्न २.८ टनांवर येते. प्रत्यक्षात कणसे घटली की दाणे थोडे वाढून काही भरपाई होते, त्यामुळे घट इतकी तीव्र नसते; पण दिशा तीच राहते. शेतकरी यावर जो उपाय करतो तो तर्कशुद्ध आहे: रोप जून झाले की तो चुडात दोन-तीनऐवजी सात-आठ काड्या लावतो, म्हणजे फुटव्यांची उणीव रोपांनी भरून काढतो. बाहेरून पाहणाऱ्याला हा बियाण्याचा अपव्यय वाटतो. खरे पाहता तो पावसाच्या लहरीविरुद्ध उतरविलेला विमा आहे, आणि जोपर्यंत लहर कायम आहे तोपर्यंत "एका चुडात दोनच रोपे लावा" हा उपदेश एकट्याने फळणार नाही.

अंतर आणि खत

दोरीवर, ठराविक अंतराने लावणी करण्याचा मोठा प्रचार महाराष्ट्रात झाला तो जपानी पद्धतीच्या नावाने. बोरिवलीच्या कोरा ग्रामोद्योग केंद्रात या पद्धतीचे प्रयोग झाले आणि १९५३ पासून तिची देशव्यापी मोहीम निघाली. केंद्रात कृषिखाते सांभाळणारे डॉ. पंजाबराव देशमुख हे तिचे खंदे पुरस्कर्ते होते. गादीवाफा, निवडक व कमी बी, नऊ-दहा इंचांवर ओळीत लावणी, ओळींतून हातकोळप्याने कोळपणी, आणि भरपूर सेंद्रिय व रासायनिक खत, ही तिची अंगे. मोहिमेचा भर ओसरला त्याचे कारण पद्धत खोटी होती असे नाही. त्या काळच्या उंच, लोळणाऱ्या जातींना भरपूर नत्र झेपत नव्हते, आणि दोरी धरून लावायला मजूर अधिक लागत होते. बुटक्या जाती १९६५ नंतर आल्या तेव्हा पहिली अडचण दूर झाली. दुसरी आजही आहे.

या परंपरेतला पुढचा आणि महाराष्ट्राचा स्वतःचा असा टप्पा म्हणजे डॉ. एन. के. सावंत यांनी मांडलेली चारसूत्री. भाताच्या तुसाची राख व पेंढा यांचा जमिनीत फेरवापर, गिरिपुष्पाच्या पाल्याचे हिरवळीचे खत, नियंत्रित लावणी, आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या खोल खोचणे, ही ती चार सूत्रे. तुसाची राख रोपाला सिलिका पुरविते व त्याचा बुंधा कणखर करते. नियंत्रित लावणीत चुडांमधील अंतर दोन्ही दिशांना आळीपाळीने १५ व २५ सेंटिमीटर ठेवले जाते. यामुळे चौरस मीटरात चूड २५ च राहतात, पण चार-चार चुडांचे लहान चौकोन तयार होतात व त्यांच्यामधून चालायला वाट मिळते. प्रत्येक लहान चौकोनाच्या मध्यभागी २.७ ग्रॅमची एक गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचायची. हेक्टरी ६२,५०० चौकोन होतात. म्हणजे सुमारे १७० किलो खत. अंतराची ही योजना केवळ पिकाच्या सोयीची नाही, ती खत ठेवणाऱ्या हाताच्या सोयीची आहे. चारसूत्रीची खरी हुशारी येथे आहे.

खोल गोळी का, याचे उत्तर खाचराच्या मातीतच आहे. पाण्याखालच्या मातीचा अगदी वरचा पातळ थर प्राणवायुयुक्त असतो आणि त्याखालची माती प्राणवायुरहित. फेकलेला युरिया वरच्या थरात नायट्रेट होतो, नायट्रेट खाली झिरपते आणि तेथील सूक्ष्मजंतू त्याचे वायुरूप नत्र करून हवेत सोडतात. काही भाग अमोनियारूपाने उडतो, आणि मावळच्या पावसात बराचसा बांधावरून वाहून जातो. टाकलेल्या नत्रापैकी निम्म्याहून अधिक पिकाला मिळत नाही. तेच नत्र खालच्या थरात ठेवले तर अमोनियम राहते, मातीच्या कणांना चिकटते व मुळांना हळूहळू मिळते. मुसळधार पावसाच्या प्रदेशात, जेथे खाचरातले पाणी एकाच्या बांधावरून दुसऱ्याच्या खाचरात अखंड वाहते, तेथे याइतका अन्वर्थक उपाय दुसरा सापडणार नाही. हिचा प्रसार गोळ्यांच्या उपलब्धतेवर आणि खोचणाऱ्या मजुरांवर अडतो, हे मान्य करावे लागते.

सघन पद्धतीचा वाद

मादागास्कर बेटावर फ्रेंच धर्मोपदेशक आंरी द लोलानिए यांनी १९८० नंतरच्या दशकात जी सघन भातपद्धती बसविली तिचा गाभा वर सांगितलेल्या फुटव्यांच्या नियमात आहे. आठ ते बारा दिवसांचे, चौथे पान येण्यापूर्वीचे रोप, मुळाला मातीसकट, एकेकटे, २५ सेंटिमीटरांच्या चौकोनावर लावायचे. खाचर ओले ठेवायचे पण पाण्याने भरायचे नाही. आणि तण फिरत्या कोळप्याने मातीत गाडायचे. चौरस मीटरात फक्त १६ रोपे असूनही फुटवे भरपूर येतात, बी हेक्टरी पाच-सहा किलो पुरते, आणि पाण्याची गरज लक्षणीय घटते.

या पद्धतीच्या उत्पन्नाविषयी काढलेले काही दावे इतके भव्य होते की वाद अटळ होता. शीही आदींनी २००४ मध्ये चीनमधील प्रयोगांवरून तिला विशेष लाभ नसल्याचे लिहिले. मॅकडोनाल्ड, हॉब्ज व रिहा यांनी २००६ मध्ये अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र करून, मादागास्करबाहेर ती उत्तम प्रचलित पद्धतीला मागे टाकीत नाही, असा निष्कर्ष काढला. पुरस्कर्त्यांचे म्हणणे असे, की या प्रयोगांत पद्धतीची सर्व अंगे पाळली गेली नव्हती. दोन्ही पक्षांचा तुलनेचा पाया निराळा आहे, हे या वादात नीटसे पुढे आले नाही. संशोधन केंद्रावरील उत्तम पद्धतीशी तुलना केली तर लाभ थोडा दिसतो. जून रोपे दाट लावून खत फेकणाऱ्या शेताशी केली तर तो मोठा दिसतो. शेतकऱ्याला दुसरी तुलना अधिक उपयोगाची आहे, शास्त्राला पहिली.

मावळापुरते पाहता अडचण अगदी साधी आहे. दहा दिवसांचे रोप बोटभर उंचीचे असते. जुलैच्या पावसात उतरणीवरच्या खाचरांत वरून पाणी येत राहते. ते बाहेर काढायला स्वतंत्र चर नाही, कारण शेजाऱ्याचे खाचर हाच चर. अशा ठिकाणी ते रोप एका रात्रीत बुडते. पाणी घालण्या-काढण्यावर ज्याचा ताबा आहे त्याच्यासाठी ही पद्धत आहे. ज्याचा नाही, त्याने तिच्यातून विरळ वाफा, कोवळेपणाकडे झुकणारे रोप आणि कमी काड्या एवढे घ्यावे, हे बरे.

चिखलणीवाचून भात

चिखलणीसाठी पावसाची वाट पाहणे हेच जर दुखणे असेल, तर चिखलणीच नको, हा विचार ओघाने येतो. तो नवा नाही. कोल्हापूरच्या पश्चिम भागात उन्हाळी पावसावर वा मृगापूर्वी कोरड्या मातीत भात पेरण्याची धूळवाफ पेरणी जुनी आहे. कोकणात मोड आणलेले बी चिखलावर फेकण्याची रहू पद्धत आहे. विदर्भात फोकून पेरलेल्या भाताला आवत्या म्हणतात. कोरड्या मातीतले बी पहिल्या पावसाने रुजते, लावणीचा धक्का त्याला बसत नाही, आणि पीक आठ-दहा दिवस आधी तयार होते. आश्विनातला परतीचा पाऊस चुकला, तर हे दहा दिवस निर्णायक ठरतात. तोटा एकच, पण मोठा: भात आणि तण एकाच दिवशी उगवतात.

रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातील नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी बसविलेले सगुणा भात तंत्र या जुन्या विचाराचे शिस्तबद्ध रूप आहे. सुमारे एक मीटर रुंदीचे कायम गादीवाफे, लोखंडी साच्याने २५ सेंटिमीटरांवर पाडलेली भोके, प्रत्येक भोकात तीन-चार दाण्यांची टोकण. राब नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. कापणीनंतर बुडखे उपटायचे नाहीत. मुळे जमिनीत कुजू द्यायची, त्याच वाफ्यावर वाल, हरभरा किंवा भुईमूग टोकायचा, आणि पुढच्या खरिपात नांगरट न करता पुन्हा भात. कुजलेल्या मुळांच्या वाटांनी पाणी व हवा खाली जाते, आणि गांडुळे परत येतात.

पाण्याच्या दृष्टीने या पद्धतीचा खरा लाभ खरिपात शोधू नये, रब्बीत शोधावा. दरवर्षीच्या चिखलणीने पंधरा-वीस सेंटिमीटर खोलीवर एक घट्ट थर तयार होतो. भाताला तो हवासा असतो, कारण तो पाणी अडवितो. पण भातानंतर त्याच जमिनीची ढेकळे होतात, आणि वाल-हरभऱ्याचे मूळ त्या थरावर अडते. खाली ओल असून पिकाला ती मिळत नाही. न चिखललेल्या वाफ्यात कार्तिकातील ओल मुळांना पोचते, आणि हजारभर मिलिमीटर पाऊस पडूनही एकपिकी राहिलेली जमीन दुपिकी होते. एक हंगाम भाताचे उत्पन्न जेमतेम बरोबरीचे आले तरी वर्षाचा हिशेब बदलतो. पद्धतींची तुलना केवळ भाताच्या टनांत करणाऱ्या प्रयोगांत हा लाभ दिसतच नाही.

दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट मांडली पाहिजे. तण आवरण्याचे काम पाण्याऐवजी येथे मुख्यतः तणनाशकांवर पडते, आणि त्यांचा दीर्घकाळचा परिणाम ओढ्या-विहिरींच्या पाण्यावर काय होतो हे मोजल्याशिवाय निश्चिंत होता येत नाही. हलक्या, तांबड्या जमिनीत उभे पाणी नसल्यामुळे लोहाची उणीव पडून पाने पिवळी पडतात. पुष्याच्या झडीत वाफा सखल राहिला तर कोवळी रोपे कुजतात. तरीही पद्धत पसरते, कारण लावणीच्या आठवड्यात मजूर मिळत नाहीत. पूर्वी पडकईने, एकमेकांच्या शेतात हात लावून, ही कामे उरकत. चाकण-तळेगावच्या कारखान्यांनंतर घरटी हात उरले नाहीत. वाकून चिखलात दहा तास लावणी करणे हे काम ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केले त्या स्त्रियांना ते सुटल्याचे दुःख होईल, असे मानण्याचे कारण नाही. मात्र त्यांपैकी ज्या भूमिहीन आहेत त्यांची आषाढातील मजुरीही त्याबरोबर सुटते.

ताब्यातले पाणी

पाटपाण्यावर वा तळ्यावर असलेल्या भातात हिशेब बदलतो. फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने रूढ केलेल्या पद्धतीत खाचर आळीपाळीने भरू व सुकू दिले जाते. भोके पाडलेली तीस सेंटिमीटर लांबीची नळी मातीत रोवतात. तीतील पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटरांवर उतरले की पुन्हा पाणी द्यायचे, आणि फुलोऱ्याच्या आठवड्यात खाचर सुकू द्यायचे नाही. याने पाणी शेकडा १५ ते ३० वाचते, उत्पन्न सहसा घटत नाही, आणि प्राणवायुरहित मातीतून सुटणारा मिथेन जवळजवळ निम्मा होतो. पवनेच्या पाण्यावरून मावळात काय घडू शकते हे ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे जलवाहिनीविरोधी आंदोलनातील तीन शेतकरी पोलिसांच्या गोळीबारात मृत्युमुखी पडले तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. पण तो तंटा धरणातील साठ्याचा व त्यावरील हक्काचा होता. पावसावरच्या खरीप भाताने पाणी वाचविल्याने तो सुटला असता असे नाही. उन्हाळी भात, ऊस आणि शहर यांच्यातील वाटपाशी त्याचा संबंध आहे.

लावणीची पद्धत आणि साठ्याचे पाणी यांचा सरळ संबंध पाहायचा असेल तर भंडारा-गोंदियाकडे वळावे लागते. तेथे कोहळी समाजाने बांधलेल्या मालगुजारी तलावांवर बांध्यांतील भात शतकानुशतके पिकत आले. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि गाळ काढण्याची जुनी व्यवस्था खिळखिळी झाली. पाऊस उशिरा आला की पऱ्हे जून होऊ नयेत म्हणून तलावाचे पाणी रोवणीच्या चिखलणीलाच सोडावे लागते. हेक्टरी दोन हजार घनमीटर पाणी जुलैत गेले, तर हस्तात दाणा भरताना पाऊस दडून बसल्यावर तलावात काही उरत नाही. तेच दोन हजार घनमीटर म्हणजे पन्नास मिलिमीटरांच्या चार पाळ्या. दाणा भरण्याच्या तीन आठवड्यांत यांतल्या दोन मिळाल्या तरी कणीस पोचट राहत नाही. तलावाखालच्या काही बांध्या आवत्याने किंवा टोकणीने पेरून बाकीच्यांना रोवणी ठेवली, तर जुलैतील मागणी उतरते आणि मजुरांची ओढाताणही विभागली जाते. यासाठी तलावाखालच्या सर्व शेतकऱ्यांना, कोणाच्या बांधीत कोणती पद्धत, हे रोहिणी लागण्यापूर्वी बसून ठरवावे लागते. आणि वरच्या बांधीतून खालच्या बांधीत पाणी जाते तेथे एकट्याने ठरवून भागत नाही.